मानेची अरुंद धमनी आणि खाली-वर होणारा रक्तदाब

पक्षाघातातून उठलेल्या वयस्क माणसाच्या घरी रक्तदाबाविषयी रोज एकच प्रश्न विचारला जातो, आज किती आला? मानेतील धमनी अरुंद झालेली असेल तर हा प्रश्न अपुरा पडतो, हे मला मोठ्या बाबांच्या आजारपणात पटले. सकाळचा आणि संध्याकाळचा, बसलेला आणि उभा असतानाचा, या आठवड्यातला आणि मागच्या आठवड्यातला, अशा आकड्यांमध्ये अंतर किती पडते हे पाहणेही तितकेच आवश्यक असते. १३८, १४२ आणि १४० या तीन नोंदींची सरासरी १४० येते. ११२, १६८ आणि १४० यांचीही सरासरी १४०च येते. कागदावर दोन्ही रुग्ण सारखे दिसतात, पण त्यांच्या मेंदूंना होणारा रक्तपुरवठा सारखा नसतो.

मी नागपुरातील एका शाळेत विज्ञान शिकवते. वैद्यक हा माझा व्यवसाय नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय ७६, रेल्वेतून निवृत्त. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. तपासणीत डाव्या कॅरोटिड धमनीत सुमारे ८० टक्के आणि उजव्या धमनीत सुमारे ५० टक्के अरुंदपणा निघाला. तेव्हापासून त्यांची रक्तदाबाची वही माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलेले आणि नंतर मी स्वतः वाचून ताडून पाहिलेले जे काही हाती आले, ते अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे लिहीत आहे.

स्वरयंत्राच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवली की जो ठोका लागतो, तो कॅरोटिड धमनीचा. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास ही धमनी दुभंगते. एक शाखा चेहऱ्याकडे जाते आणि दुसरी कवटीत शिरून मेंदूला रक्त पुरवते. प्रवाह जेथे फुटतो तेथे रक्त सरळ वाहत नाही. भिंतीलगत ते मंदावते, काही ठिकाणी उलटे वळते, आणि नेमक्या त्याच जागी वर्षानुवर्षे चरबी, पेशी व कॅल्शियम यांचा थर साचत जातो. मेंदूच्या झटक्याचे मूळ अनेकदा मानेतील या दुभाजकाशी असते, ही गोष्ट मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये स्पष्टपणे मांडली. साचलेल्या थरावरून गुठळीचा तुकडा सुटून वर गेला, तर मेंदूतील एखादी वाहिनी बंद पडते. थर इतका वाढला की वाटच चिंचोळी झाली, तर पलीकडे पोचणाऱ्या रक्ताचा दाबच घटतो.

याच दुभाजकावर, आतील शाखेच्या सुरुवातीच्या फुगीर भागात, शरीराचा रक्तदाब मोजणारी मज्जातंतूंची टोके असतात. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, हा ताण नवव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या एका शाखेमार्फत मेंदूच्या बुंध्याला कळतो आणि तेथून हृदयाची गती कमी करण्याचा व रक्तवाहिन्या सैल सोडण्याचा आदेश निघतो. आपण बिछान्यातून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. तरीही निरोगी माणसाला चक्कर येत नाही, कारण ही यंत्रणा काही सेकंदांत रक्तदाब सावरून धरते. आता या भिंतीवर कडक थर चढलेला आहे अशी कल्पना करावी. कडक भिंत नीट ताणलीच जात नाही, त्यामुळे दाब वाढल्याची किंवा घटल्याची वर्दी मेंदूला वेळेवर मिळत नाही. वयामुळे सर्वच मोठ्या धमन्यांची लवचीकता कमी होते, त्यात मधुमेह असेल तर मज्जातंतूही दुबळे झालेले असतात. ज्या जागी रोग जडतो तीच रक्तदाब सावरणारी जागा असावी, ही या आजारातील सर्वांत कठीण गोष्ट आहे, असे मला वाटते.

वयस्क पक्षाघातग्रस्तांमध्ये अरुंदपणा जितका अधिक तितकी वरच्या रक्तदाबाची चढ-उतार मोठी, असा संबंध अभ्यासांतून दिसत आला आहे. पण त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सरळ वेगळे करता येत नाही. कडक झालेली धमनी दाबाला हेलकावे देते. उलट दाबाचे हेलकावे धमनीच्या आतील नाजूक अस्तराला पुन्हा पुन्हा इजा करतात आणि थर वाढायला, प्रसंगी फाटायला, वाव मिळतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात, असे मानणे सत्याला अधिक धरून आहे. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विषयाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. मेंदूचा सौम्य झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये, दर तपासणीच्या वेळी वरचा रक्तदाब किती बदलतो यावरून पुढील पक्षाघाताचा धोका ठळकपणे ओळखता येतो, आणि हा संबंध सरासरी रक्तदाबावर अवलंबून नाही, असे त्यात दिसले. औषधांच्या तुलनेत अ‍ॅम्लोडिपिनच्या वर्गातील गोळ्या ही चढ-उतार कमी करतात आणि अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या त्या बाबतीत उण्या पडतात, हेही त्याच सुमारास पुढे आले. बीपीच्या सर्व गोळ्या सारख्याच, फक्त कंपनी वेगळी, असा समज घरोघरी असतो. तो या एका गोष्टीने तरी दूर व्हावा.

रक्तदाब वाढण्याची धास्ती सर्वांनाच असते. तो उतरण्याची धास्ती मात्र कोणी घेत नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते प्रामुख्याने याविषयी आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयाकडून निघणाऱ्या रक्तापैकी १५ ते २० टक्के रक्त त्याला लागते. हा पुरवठा स्थिर राहावा म्हणून मेंदूतील बारीक वाहिन्या गरजेप्रमाणे आकुंचन वा प्रसरण पावतात. धमनीतला सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांमधला, केवळ वरचा नव्हे) साधारण ६० ते १५० च्या दरम्यान असेपर्यंत निरोगी मेंदूला त्याची झळ लागत नाही. अनेक वर्षे रक्तदाब चढा असलेल्या माणसात ही मर्यादा वर सरकलेली असते, म्हणजे इतरांना सहज सोसणारा कमी दाब त्याला सोसत नाही. मानेतील वाट चिंचोळी झाली असेल तर पलीकडच्या बारीक वाहिन्या आधीच पूर्ण पसरलेल्या असतात. आणखी पसरायला जागाच उरत नाही. मग वरचा दाब घटला की रक्तपुरवठाही त्याच प्रमाणात घटतो. इतवारीच्या जुन्या गल्ल्यांत नळाचा दाब कमी झाला की पाणी आधी गल्लीच्या शेवटच्या घराचे बंद होते. मेंदूतही दोन मोठ्या वाहिन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवरचा भाग असाच टोकाला असतो आणि दाब उतरला की पहिला फटका त्याला बसतो.

हे मला पुस्तकातून समजण्याआधी रुग्णालयात डोळ्यांनी पाहायला मिळाले. मानेतील धमनी उघडून थर काढण्याची शस्त्रक्रिया पुढे झाली, तिच्या आधीचे हे दिवस होते. फिजिओथेरपिस्टने मोठ्या बाबांना पलंगाच्या कडेला बसवले आणि काखेत हात घालून उभे केले. मिनिटभरात त्यांचा उजवा हात कोपरापासून हलू लागला; थरथर नव्हे, पंख फडफडावा तशी ओबडधोबड हालचाल. ते पूर्ण शुद्धीवर होते, आमच्याकडे पाहत होते, "हात ऐकत नाही" असे अडखळत म्हणालेही. मोठ्या आईला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ती फिट वाटली. त्यांना आडवे करताच हालचाल थांबली. आडवे असताना वरचा रक्तदाब १५६ होता, उभे असताना तो ११२ वर आला होता. नंतर डॉक्टरांनी सांगितले की डाव्या धमनीतून मेंदूला पोचणारे रक्त उभे राहताच अपुरे पडले आणि त्यामुळे विरुद्ध बाजूचा हात असा हलला. ही फिट नसून रक्तपुरवठा काठावर असल्याची खूण आहे. "काका, आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडून पाच मिनिटं बसा, मग उठा," असे त्यांनी बजावले. तो क्रम आजही आमच्या घरी पाळला जातो.

उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती दखल घेण्याजोगी घसरण मानतात. दवाखान्यात रुग्णाला खुर्चीवर बसवून एकदाच मोजले, तर ती सापडणारच नाही. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक सकाळी दोन रकाने असतात, बसून आणि उभे राहून.

पहिल्या दोन दिवसांत आणखी एका गोष्टीने आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लागला होता. मॉनिटरवर १९० च्या पुढचे आकडे दिसत होते आणि परिचारिका गोळी देत नव्हती. त्यामागचे कारण ऐकल्यावर मन शांत झाले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे असेल तर रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो. ते इंजेक्शन द्यायचे नसेल, तर सुरुवातीच्या काळात साधारणपणे २२०/१२० पर्यंत तो मुद्दाम उतरवत नाहीत, कारण इजा झालेल्या भागाभोवतीचा मेंदू त्या चढ्या दाबावरच तग धरून असतो. आम्ही वेळेवर पोचलो नव्हतो. झोपेतच सुरुवात झाली असल्याने वेळ नक्की सांगता येत नव्हती, त्यामुळे इंजेक्शन देता आले नाही. नातेवाइकांनी अशा वेळी गोळीसाठी आग्रह धरू नये, पण कारण अवश्य विचारावे.

घरी आल्यावरचा मोठा धोका म्हणजे आकडा पाहून केलेले औषधोपचार. १७० दिसले की एक गोळी जास्त, ११५ दिसले की आजची गोळी नको, अशी पद्धत कितीतरी घरांत चालते. एकेकाळी रक्तदाब वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली थेंब टाकण्याची रीतच होती. दाब एकाएकी कोसळून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याचे लक्षात आल्यावर १९९५-९६ च्या सुमारास तिच्याविरुद्ध स्पष्ट इशारे दिले गेले. तरीही जुन्या आठवणीवर विसंबून ती कॅप्सूल कपाटात ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. अ‍ॅम्लोडिपिनचा अंमल एका दिवसापेक्षा जास्त टिकतो, म्हणून एखादी मात्रा चुकली तरी दाब लगेच उसळत नाही. उलट क्लोनिडिनसारखी गोळी अचानक बंद केली तर तो आधीपेक्षाही वर जाऊ शकतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर आमच्याकडे पुष्कळ चर्चा झाली. ब्रिटनमधील २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात दोन्ही वेळांमध्ये फरक आढळला नाही, तेव्हा जी वेळ रोज न चुकता पाळता येईल ती चांगली. मात्र ज्यांचा रक्तदाब रात्री फार उतरतो त्यांनी ही वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. झोपेत दाब १० ते २० टक्के उतरणे स्वाभाविक आहे. काही वृद्धांमध्ये तो उतरतच नाही, काहींमध्ये २० टक्क्यांहून अधिक उतरतो, आणि यांपैकी आपला रुग्ण कोणता हे २४ तास दंडावर पट्टा बांधून केलेल्या नोंदीवरूनच कळते.

घरच्या मोजमापाबद्दल एवढेच सांगते की शिस्तीत मोजले नाही तर जी चढ-उतार दिसते ती मोजण्याची असते, रक्तदाबाची नव्हे. लघवी करून यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा आणि सदऱ्याच्या बाहीवरून बांधू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. लुळ्या हातावर मोजू नये. सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजून पाहणे चांगले, कारण दोहोंत मोठा फरक असेल तर हाताकडे जाणारी धमनीही अरुंद असू शकते आणि डॉक्टरांना ते कळायला हवे. नाडी अनियमित असेल तर यंत्राचे आकडे भरवशाचे राहत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. मोठ्या बाबांची मुले पुण्याहून फोनवर फक्त सर्वांत मोठा आकडा विचारतात. मी त्यांना आठवड्यातला सर्वांत लहान आकडाही आवर्जून सांगते.

शस्त्रक्रियेचा निर्णय आमच्या कुटुंबात सोपा नव्हता. शहात्तराव्या वर्षी मानेवर चाकू कशाला, हा मोठ्या आईचा प्रश्न अगदी रास्त होता. १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात लक्षणे दिसलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंदपणा असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधे घेणाऱ्यांमध्ये दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात २६ टक्क्यांना झाला, तर धमनी उघडून थर काढलेल्यांमध्ये ९ टक्क्यांना. आजची औषधे तेव्हापेक्षा चांगली आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण त्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून ७५ वर्षांपुढील रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ कमी नव्हे तर जास्त मिळतो, आणि ती झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केल्यास हा लाभ सर्वाधिक असतो, हे दिसले. सत्तरीपुढच्या रुग्णांत स्टेंटपेक्षा शस्त्रक्रियेत पक्षाघाताचा धोका कमी आढळतो, हेही डॉक्टरांनी सांगितले. आम्ही सर्जनना त्यांच्या स्वतःच्या रुग्णांतील गुंतागुंतीचे प्रमाण विचारले. हा प्रश्न विचारण्यात अनमान करू नये, कारण पक्षाघात आणि मृत्यू मिळून ते प्रमाण ६ टक्क्यांच्या खाली असेल तरच या शस्त्रक्रियेचा लाभ टिकतो. धमनी पूर्ण बंद झालेली असेल तर मात्र सामान्यतः हा मार्ग उरत नाही.

आपल्याकडच्या रुग्णांसाठी एक बाब वेगळी आहे. भारतीय आणि इतर आशियाई लोकांमध्ये कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा अधिक असते, त्यामुळे केवळ मानेचा डॉपलर (ध्वनिलहरींनी धमनीतील रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) पाहून थांबू नये. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत आतील वाहिन्याही पाहून घ्याव्यात.

थर काढल्यावर रक्तदाबाची काळजी संपत नाही, काही दिवस ती वाढतेच. इतकी वर्षे कमी दाबाला सरावलेल्या मेंदूच्या वाहिन्यांवर एकदम पूर्ण प्रवाह येतो. त्या बाजूचे तीव्र डोके दुखणे, फिट येणे, क्वचित रक्तस्राव होणे, ही त्याची लक्षणे; म्हणून या काळात मात्र दाब वर जाऊ न देण्याची कसोशी केली जाते. शिवाय शस्त्रक्रियेत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाही धक्का पोचलेला असतो, त्यामुळे आकडे काही काळ अस्थिर राहतात. मोठ्या बाबांच्या वहीतील ती पाने सर्वांत वेडीवाकडी आहेत. पुढे हळूहळू, आठवड्यांच्या अंतराने मात्रा बदलत, १३०/८० च्या आसपास आणणे हे उद्दिष्ट ठरले. दोन्ही बाजूंना ७० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा असता तर हे उद्दिष्ट डॉक्टरांनी बहुधा इतक्या सरळपणे ठेवले नसते, कारण अशा रुग्णांमध्ये, शस्त्रक्रिया न झालेली असताना, कमी रक्तदाबाबरोबर पक्षाघाताचा धोका वाढलेला आढळला आहे. उजव्या बाजूचा डॉपलर आम्ही ठरल्या मुदतीत पुन्हा करून घेतो. त्यात रक्ताचा सर्वोच्च वेग सेकंदाला २३० सेंटीमीटरच्या वर गेला तर अरुंदपणा ७० टक्क्यांच्या पुढे गेल्याचा संशय घेतात, म्हणून अहवालात मी आधी ती ओळ शोधते. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी आता आयुष्यभराची आहे, आणि बीपी चांगले आले म्हणून त्या दोन्हींना सुटी मिळत नाही.

नागपुरात राहणाऱ्याला ऋतूचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, नवतपा सुरू होतो, त्वचेच्या वाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते आणि हिवाळ्यात योग्य असलेली मात्रा उन्हाळ्यात जास्त ठरू शकते, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. लग्नसराईत दुपारच्या पंगतीला जाऊन आलेला वृद्ध जिना चढताना भोवळ येऊन पडतो, त्यामागे नेहमीच ऊन लागलेले नसते. जेवणानंतरही वृद्धांचा रक्तदाब उतरतो. म्हणून एप्रिलच्या आत वही घेऊन डॉक्टरांकडे जाणे आम्ही ठरवून टाकले आहे. ताक आणि पाणी किती, त्यात मीठ किती, हेही तेव्हाच विचारून घेतो, कारण एरवी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगितलेल्या माणसाने उन्हाळ्यात स्वतःच्या मनाने मीठ-साखरेचे पाणी पीत राहणे योग्य नाही. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट होते. थंडीने वाहिन्या आवळतात आणि पहाटेचा आकडा चढतो; सकाळी सहा ते दुपारी बारा हा पक्षाघाताचा अधिक धोक्याचा काळ असतोच. आणि खर्ऱ्याविषयी लिहिल्याशिवाय विदर्भातील रक्तदाबावर काही लिहिणे अपुरे राहील. पानठेल्यावर पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू दर वेळी तोंडात गेली की काही काळ नाडी आणि दाब दोन्ही वर जातात, म्हणजे दिवसभरात अशा कितीतरी उसळ्या येतात, आणि धमनीचा थरही तंबाखूवर पोसतो. मोठ्या बाबांनी रुग्णालयातून घरी आल्यापासून खर्ऱ्याला हात लावलेला नाही, याचा आम्हा सर्वांना फार आनंद आहे.

इतके मोजणे-लिहिणे शिकल्यावर, कधी मोजू नये हेही मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात किंवा पाय अचानक दुबळा पडला, बोलणे बोबडे झाले, किंवा एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखे दिसेनासे झाले, तर रक्तदाबाचे यंत्र काढत बसू नये, कोणतीही गोळी देऊ नये, पाणीही पाजू नये. लक्षणे पाच मिनिटांत नाहीशी झाली तरी थांबू नये. जेथे सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याची सोय चोवीस तास आहे अशा रुग्णालयात थेट न्यावे. ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. निघताना, रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ आणि चालू असलेल्या औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावे, सोबत घ्यावीत.